बैलाचा खुराक आणि माझी बंदी

माझ्यावर आजवर दोनदा बंदी आली. पहिली गुडघ्यामुळे, दुसरी बैलामुळे. पहिलीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. दुसरीबद्दल आहे, आणि माझ्या दुकानात नुसती चाकात हवा भरायला आलेल्या माणसालाही ती ऐकून घ्यावी लागते. हवा फुकट आहे, त्यामुळे सहसा कोणी मध्येच उठून जात नाही.

मी रस्त्यावरच्या सायकल शर्यतींवर पोट भरणारा माणूस. हे सांगितलं की पनवेलमध्ये पुढचा प्रश्न येतो, "बरं, आणि काम काय करता?" लग्न ठरताना सासऱ्यांनी हेच दोन-तीनदा विचारलं आणि शेवटी पाहुण्यांना सांगून टाकलं की जावई ट्रान्सपोर्टमध्ये आहे.

आमचं शेत आणि मिठागर सरकारी नकाशात गेलं. आता तिथे रोडपालीचे सेक्टर आहेत, आणि आमच्या बांधावर एक जिम आहे. मोबदला आला तो दोन आत्यांच्या लग्नांत आणि एका जीपमध्ये संपला. माझ्या वाट्याला त्या जीपची स्टेपनी आली. बाकी जे काही आहे ते मी घासाघीस करून मिळवलं. पहिली शर्यतीची सायकल मी मुंबईच्या एका गृहस्थाकडून घेतली. त्याच्या दारात सकाळी बसलो तो दुपारी उठलो. शेवटी त्याच्या बायकोने मला चहा दिला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, देऊन टाका, मला जेवणं वाढायचीयत." त्या सायकलवर मी आधी जिल्ह्यात, मग राज्यात आणि मग देशात नंबर काढले. पुढे थायलंडच्या एका टीमने मला पगारावर घेतलं. तिथेही पगार मीच ठरवला. मॅनेजरला मराठी येत नव्हती आणि मला त्याची भाषा येत नव्हती, तरी तो दमला.

पहिली बंदी आली ती गुडघा सुजला तेव्हा. कळंबोलीतल्या डॉक्टरने सुई टोचली, सूज गेली आणि शर्यतीनंतरच्या तपासणीत ते बंदी असलेलं औषध लघवीत सापडलं. खेळाडूंची औषधं तपासणाऱ्या समितीपुढे बोलावणं आलं. मी गेलो तर मला सांगितलं, चूक लगेच कबूल केलीत तर शिक्षा कमी होईल. आता हा सौदा नाही तर काय? सौदा त्यांनी सुरू केला होता. मी म्हणालो, कबूल केलं तर किती कमी, आणि डॉक्टरचं नाव दिलं तर वरून किती? समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, हा बाजार आहे का?" मी म्हणालो, "बाई, भाव तुम्ही सांगितलात, मी फक्त विचारतोय." समितीने आधी जेवढी सांगितली होती त्यापेक्षा कमी शिक्षा घेऊन बाहेर आलो. ती भोगली आणि त्या काळात नवीन पनवेलमध्ये सायकलचं दुकान टाकलं. विषय संपला.

परत उतरलो तेव्हा मी तेहतिशीत होतो. राष्ट्रीय शर्यतीत तिसरा आलो. थायलंडच्या त्याच मॅनेजरचा निरोप आला की हे वर्ष काही भानगड न होता काढ, मी तुला परत घेतो. तेहतिशीतल्या सायकलवाल्याला असं कोणी दुसऱ्यांदा म्हणत नाही. मी खोकल्याचं औषध घ्यायचं बंद केलं. सासरी गेलो तर डबा घेऊन जायचो. आणि अशा वर्षात माझ्या लघवीत जनावरांना अंगावर मांस चढावं म्हणून देतात ते औषध निघालं.

तपासणीचं पत्र वाचून मी एक खुर्ची तोडली. मग दुसऱ्या खुर्चीवर बसून विचार केला. जनावर म्हटलं की आमच्या नात्यात एकच जनावर आहे.

माझ्या मामाचा बैल. मामा उरणच्या बाजूला खाडीकाठी राहतो आणि किनाऱ्यावरच्या गाडीच्या शर्यतीत बैल पळवतो. पांढरा स्वच्छ बैल आहे, दिसायला माझ्या सगळ्या नातेवाइकांपेक्षा चांगला. गोठ्यात त्याला पंखा आहे, मच्छरदाणी आहे. वीज गेली की मामाच्या घरातला इन्व्हर्टर आधी गोठा बघतो. गोठ्यात कॅमेरा आहे आणि त्या कॅमेऱ्यासाठी वायफाय आहे, जे घरात पोचत नाही. मामेबहिणीला अभ्यासाचं काही बघायचं असेल तर ती बैलाशेजारी जाऊन बसते.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात बैलाला खुराकाचे गोळे देतात. उडदाचं पीठ, अंडी, गूळ, तूप, सगळं मळून क्रिकेटच्या चेंडूएवढा गोळा. तिथे एक पद्धत आहे. गोळा बैलापुढे धरण्याआधी घरातल्या माणसाने त्यातला घास तोडून बैलासमोर खायचा. मागे कधीतरी दुसऱ्या गावच्यांनी कुणाच्या खुराकात काहीतरी कालवलं होतं आणि तो बैल ऐन शर्यतीत वाळूत बसला होता. तेव्हापासून माणूस आधी खातो. माणूस ठीक राहिला तर बैल खातो. घरात विष कोणाला चालेल आणि कोणाला नाही याबद्दल मामाच्या गावात कुणाच्या मनात शंका नाही.

हे काम मामा स्वतः करायचा. त्या वर्षी मी सरावासाठी आठवडाभर त्याच्याकडे राहिलो होतो, कारण तिकडचे रस्ते सपाट आहेत आणि मामीच्या हातचं जिताडा माशाचं कालवण मला कुठल्याही टीमने दिलेलं नाही. पहिल्याच दिवशी मामा म्हणाला, "भाच्या, तू खा. मना शुगर झालीय. तू खेलाडू मानूस, तुला पचंल." मी खाल्ला. रोज खाल्ला. घरात उडीद, अंडी, गूळ खाण्यात कसली भानगड?

तर पत्र आल्यावर मी तडक मामाच्या गोठ्यात गेलो. मामा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता, मामी शेण भरत होती.

"मामा, गोळ्यात आणखी काय घालत होतास?"

"कॅल्शियम."

"डबा दाखव."

"कंचा डबा?"

मामी शेणाच्या टोपलीतून मान वर न करता म्हणाली, "निल्या झाकनाचा. कपाटावर होता. परवा यांनी खाडीत फेकला."

मामाने तिच्याकडे पाहिलं. मामीने पाहिलं नाही.

"कॅल्शियम खाडीत कशाला फेकलंस?"

"वास मारत व्हता."

"मामा, ते औषध होतं. मांस वाढायचं. माझ्या लघवीत निघालंय. ही माझी दुसरी वेळ. हे बैलाच्या खुराकातून आलं असं सिद्ध झालं नाही तर मी संपलो."

मामा बैलाकडे बघत म्हणाला, "दुकानदार ताकदीचं बोलला. मना काय म्हाईत."

"मग तू का नाही खाल्लास?"

"शुगर हाय ना."

"साखर गुळात होती, पावडरीत नव्हती."

"तेच तं. डॉक्टर बोललाय, गूल बंद."

"बंद," मामी म्हणाली. "परवा हलदीला बुंदी कोनी खाल्ली? बैलानं?"

मग मामाने खरी अडचण सांगितली. शर्यत भरवणाऱ्यांचाही नियम होता. बैलाला औषध दिलं असं कळलं तर बैल वर्षभर बाद. मोठी शर्यत तोंडावर आली होती. जोडीचा दुसरा बैल पलीकडच्या गावच्या माणसाचा होता आणि तो माणूस स्वभावाने माझ्यासारखा होता. मामाने साक्ष दिली की बैल बाद, जोडी बाद, आणि मामाला पलीकडच्या गावातून जाणारा रस्ता बंद.

"तुजं वय काय?" मामाने विचारलं.

"तेहतीस."

"याचं आठ. याची दोन वर्सं रायलीत. तू दुकान टाकलंस. हा काय दुकान टाकनार?"

मला राग आला की माझं डोकं काम करायचं थांबतं असं लोक म्हणतात. उलट आहे. मी खाली बसलो आणि सौद्याला सुरुवात केली. मामाचा पहिला प्रस्ताव असा होता की त्याचा जुना बैल दोन वर्षांपूर्वी मेलाय, सगळं त्याच्या नावावर घालावं, मेलेल्याला कोण बाद करणार? मी म्हणालो, माझी लघवी गेल्या महिन्यातली आहे. मग तो म्हणाला, शेजाऱ्याचा बैल सांग. मी म्हणालो, शेजाऱ्याच्या बैलासाठी मी का चाखू? बराच वेळ असं चाललं. शेवटी मामाने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. गुरांच्या बाजारात असा सौदा करतात, टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरून, म्हणजे बघणाऱ्याला भाव कळू नये. गोठ्यात बघणारी फक्त मामी होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

सौदा असा ठरला. मामा समितीपुढे सांगेल की ते औषध एका बैलाच्या खुराकात होतं. कोणता बैल ते सांगणार नाही. बदल्यात मी आठवड्यातून तीन दिवस ओहोटीच्या ओल्या वाळूवर बैलाच्या पुढे सायकल चालवायची, कारण पुढे काही पळत असलं की तो जास्त जोरात पळतो. तीन दिवस, की चार, की दोन, यावरच टॉवेलखाली बोटं पिरगाळून झाली. मी आंतरराष्ट्रीय शर्यती पळालेला माणूस, बैलापुढे सायकल चालवायला तीन दिवसांवर तयार झालो. मला वाटलं, सौदा जमला.

सुनावणी मोबाइलवर होती. नेटवर्क गोठ्यातच होतं, म्हणून मी आणि मामा गोठ्यात दोन खुर्च्यांवर बसलो. मोबाइल खुराकाच्या घमेल्याला टेकवून ठेवला. मागे बैल होता. त्याला बाहेर बांधूया म्हटलं तर मामा म्हणाला, ऊन हाय.

समितीत तिघं होते. अध्यक्षबाई त्याच, पहिल्या वेळच्या, निवृत्त न्यायाधीश. मूळच्या नागपूरच्या, म्हणून मराठीत बोलायला त्यांची हरकत नव्हती. एक डॉक्टर होते आणि एक जुने धावपटू, जे सगळा वेळ बैलाकडे बघत होते.

"आपण बैलाचं खाद्य खाता?" अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

"फक्त घासभर. बैलाच्या आधी."

"कशासाठी?"

"विष आहे का बघायला."

"आणि विष निघालं तर?"

"तर बैल वाचतो."

"आणि आपण?"

या बाजूने आमच्याकडे कोणी कधी विचार केला नव्हता. मी मामाकडे पाहिलं. मामाने मान हलवली, म्हणजे प्रश्न बरोबर आहे अशी.

डॉक्टर म्हणाले, हे सांगणारा कोणी साक्षीदार आहे का? मी मोबाइल मामाकडे वळवला. मामाने पांढरा सदरा घातला होता आणि लग्नात घालतो ते घड्याळ. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे औषध ज्या बैलाच्या खुराकात होतं, तो हा मागे उभा आहे तोच का?"

सौद्याप्रमाणे उत्तर होतं, कोणता बैल ते आठवत नाही. पण तेवढ्यात बैलाने मामाच्या खांद्यावर तोंड ठेवलं. मामाचा चेहरा बदलताना मी बघितला.

"नाय," मामा म्हणाला. "याचा काय संबंध नाय. कुठल्याच बैलाचा नाय."

"मग औषध कशात होतं?"

"गोल्यात व्हता. गोला बनवला भाच्यासाठी."

"म्हणजे आपण ते औषध यांना दिलंत?"

"मी दिला. ताकद यावी म्हनून."

"जाणूनबुजून?"

"जानूनबुजून," मामा छाती काढून म्हणाला आणि माझ्याकडे वळून हसला. त्याच्या हिशेबाने सगळ्यांचं भलं झालं होतं. औषध कुठून आलं ते समितीला कळलं होतं, साक्ष दिली होती आणि बैल सुटला होता.

मी काय बोललो ते मला शब्दशः आठवत नाही. घमेलं हातात घेतलं तेव्हा मोबाइल पडला आणि समितीला बराच वेळ गोठ्याचं छप्पर दिसत होतं. समितीनेच माझा आवाज बंद केला. तो पुन्हा चालू झाला तेव्हा मी शेवटचा प्रयत्न केला. म्हणालो, "बाई, हा खोटं बोलतोय. माझी शिक्षा अर्धी करा, मी मामा तुमच्या ताब्यात देतो."

"मागच्या वेळीही आपल्याला सांगितलं होतं," अध्यक्षबाई म्हणाल्या, "हा मासळीबाजार नाही."

"मासळीबाजारात निदान मासा उलटून बघू देतात."

धावपटू गृहस्थांनी तेवढ्यात विचारलं, "बैलाचं वय काय आहे?" मामा म्हणाला, "आठ." ते म्हणाले, "छान ठेवलाय." सुनावणीत आमच्या बाजूने बोललं गेलेलं हे एकच वाक्य.

निकाल आला. मला सहा वर्षं. मामालाही बंदी आली. खेळाडूला औषध देणारा हा घेणाऱ्यापेक्षा मोठा गुन्हेगार धरतात, म्हणून मामाला आयुष्यभराची. माझा मामा आयुष्यात बसमागेसुद्धा धावलेला नाही. त्याला देशातल्या सगळ्या मान्यताप्राप्त खेळांतून कायमचं काढून टाकण्यात आलं. बैलगाडी त्या खेळांत मोडत नाही.

मला वाटलं होतं त्याला लाज वाटेल. तो गावभर सांगत फिरला, "त्याला नुसती सा वर्सं. मना आयुष्यभर." गावच्या कबड्डी स्पर्धेचा नारळ दर वर्षी मामा फोडायचा. त्या वर्षी कोणीतरी शंका काढली की हे चालतं का. बरीच चर्चा होऊन मामाने नारळ मैदानाच्या दोरीबाहेर उभा राहून फोडला आणि अर्धा भाग आत फेकला.

बैल मोठी शर्यत जिंकला. गुलाल, बँजो, गळ्यात हार, गावातून मिरवणूक. त्याची लघवी कोणी तपासली नाही. मी वाळूत सायकल घातली नाही, कारण सौदा त्याने मोडला होता. तर मामाने आईकडे तक्रार केली की भाचा शब्दाला जागला नाही. आई भावाच्या बाजूने. ती म्हणाली, "साक्ष द्यायला गेला ना बिचारा? तुझ्यापायी आयुष्यभराची बंदी घेतली त्याने."

अपील करायचं तर मामाने खरं सांगायला हवं होतं. मी परत गेलो, परत सौदा मांडला. मामा म्हणाला, "बैल रिटायर झाला का बोलंन. तोवर आई एकविरेची आन घातली तरी नाय." अपिलाची मुदत बैलाच्या निवृत्तीसाठी थांबत नाही. ती गेली.

थायलंडच्या मॅनेजरने फोनवर सगळी हकिगत ऐकून घेतली. मी बैल म्हटलं तेव्हा त्याने दोनदा विचारलं, बैलच ना? मग त्याने मला शुभेच्छा दिल्या. त्याने इतक्या सहज फोन ठेवलेला मला आवडला नाही.

आता यातली एक गोष्ट लोकांना माहीत नसते. बंदी असलेल्या सायकलवाल्याने निवृत्ती घेतली तर तपासणीवाले त्याचा पिच्छा सोडतात. पण परत उतरायचं असेल तर बंदीच्या काळातही रोजची एक वेळ आणि एक जागा कळवून ठेवावी लागते. ते कधीही येऊन बाटली पुढे करू शकतात. बायको म्हणाली, निवृत्तीच्या कागदावर सही करा आणि सुटा, उतराल तेव्हा चाळिशी येईल. दुकानात येणारेही तेच म्हणाले. सासरे म्हणाले, आता खरंच ट्रान्सपोर्टचं बघा. मी सही केली नाही. सही केली असती तर मामाच्या सांगण्यावरून मी संपलो असा अर्थ झाला असता. मला पुन्हा नंबर लावून शर्यतीच्या रेषेवर उभं राहायचं आहे. तेव्हा किती वयाचा असेन ते माझं मी बघेन. म्हणून मी रोजची वेळ कळवतो, सकाळी सहा ते सात, आणि थांबतो.

परवा तपासणीवाला आला. नेरुळकडचा माणूस आहे, माझ्याच वयाचा, पाठीवर बॅग आणि हातात थर्माकोलची पेटी. त्याने तपासणीचा कागद दाखवला, त्यावर मी सही केली. पण मी तेवढ्यातच मोरीतून आलो होतो. त्याला नमुना हवा होता आणि माझ्याकडे काही नव्हतं.

"पाणी प्या, बसू," तो म्हणाला.

"बसायला वेळ नाही. माझा सराव आहे."

"तुम्हाला नजरेआड होता येत नाही. नियम आहे."

"मग नजर घेऊन या मागून."

नियमात बसत होतं. त्याने रिक्षा केली. मी सायकलवर आणि माझ्यामागे रिक्षात तपासणीवाला, मांडीवर थर्माकोलची पेटी घेऊन. रोडपालीच्या सेक्टरांतून निघालो आणि तळोज्याच्या कारखान्यांच्या रस्त्याला लागलो. त्या वेळी तिथल्या हवेला सडलेल्या लसणासारखा वास असतो आणि कंटेनरच्या रांगा लागलेल्या असतात. मोठ्या शर्यतींत प्रत्येक टीमची गाडी खेळाडूच्या मागे चालते, पाणी देते, पुढचा रस्ता सांगते. माझ्यामागे गाडी येऊन किती वर्षं झाली होती ते मी मोजत बसलो नाही. मी हात वर केला. रिक्षा बाजूला आली आणि तपासणीवाल्याने सीलबंद बाटली बाहेर धरली. सील मी स्वतः फोडायचं असतं, म्हणून तो ओरडला, "दातांनी फोडा, पण माझ्या समोर." मी फोडलं आणि प्यालो. सगळं पाणी घामात जात होतं. नमुना लांबत चालला होता, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

रिक्षावाल्याला आता मजा वाटायला लागली होती. "साहेब, दाबा," तो मागून म्हणाला, "ट्रेलर येतोय, त्याच्या आधी पूल घ्या." मी पूल घेतला.

पुढे एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीची माणसं डबे घेऊन सुटत होती. गर्दीमुळे मी हळू झालो आणि मागे रिक्षाही थोडी थांबली. कोणीतरी रिक्षावाल्याला विचारलं, "काय चाललंय?"

"शर्यत हाय," रिक्षावाला म्हणाला.

"मग बाकीचे कुठायत?"

"लय मागं पडलेत."

मी ते ऐकलं आणि एक गियर जड केला.